घरटी एक बीव्हर

आमचा विशू अमेरिकेहून पहिल्यांदा घरी आला तेव्हा सगळ्यांसाठी काही ना काही घेऊन आला. बापाला घड्याळ, मला स्वेटर आणि गावाला एक जनावर. घड्याळ बापानं लगेच मनगटाला बांधलं. स्वेटर बीडच्या उन्हात मी कुठं घालणार होते ते त्याचं त्यालाच ठाऊक. जनावर मात्र नुसतं चित्रात होतं, आणि त्या चित्रातल्या जनावरानं माझी मोसंबीची बाग खाल्ली. कशी खाल्ली तेच सांगते.

आमचं हिंगणवाडी गाव नेकनूरहून लिंबागणेशकडं निघालं की डाव्या अंगाला लागतं. माझे मालक शिवलिंगप्पा, गाव त्यांना आप्पा म्हणतं. त्यांचं किराणा आणि बियाण्यांचं दुकान आहे, आणि अलीकडं दुकानात पिवळ्या पाटीचा टेलिफोनही बसलाय. ओढ्याकाठी आमचं थोडं रान आहे. रानात विहीर आणि विहिरीच्या जिवावर मोसंबी. ही झाडं मी लावलेली. आप्पांना झाडाचं फक्त फळ ओळखता येतं, तेसुद्धा सोलून पुढ्यात ठेवल्यावर.

ओढा दसऱ्यापर्यंत जोरात वाहतो आणि मग आटायला लागला की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणून दसरा झाला की इर्जिक घालायची, अशी आमच्या गावची रीत होती. इर्जिक म्हणजे गावानं मिळून करायचं काम. घरटी एक माणूस ओढ्यात उतरायचा. बाभळीच्या फांद्या आडव्या टाकायच्या, त्यावर दगड, त्यावर चिखल आणि पाचट, की झाला बांध. रोजंदारीचा गडी पाठवलेला चालत नसे, घरचाच माणूस लागे. ज्या घरचा माणूस आला नाही, त्याच्या दारावरून बाकीचे काही न बोलता जायचे, आणि ते न बोलणं शिवीपेक्षा जास्त झोंबायचं. दुपारचं जेवण आमच्याकडं असे, गव्हाची खीर. आप्पासुद्धा धोतर खोचून ओढ्यात उतरायचे. एक काटकी धरून उभे राहायचे आणि खीर चौघांची खायचे. पण काही झालं तरी घरचा माणूस हजर असायचा. बांधामागं पाणी तुंबायचं, जमिनीत मुरायचं आणि माझी विहीर मृग निघेपर्यंत झाडांना पुरायची.

मग सरकारी सिमेंटचा बंधारा आला. कंत्राटदाराचा सत्कार झाला, टॉवेल, टोपी, नारळ. सिमेंट आल्यावर काटक्या कोण रचतो? इर्जिक मोडली. दुसऱ्याच पावसाळ्यात पाण्यानं बंधाऱ्याच्या बगलेची माती खाल्ली आणि ओढा शेजारून वाट काढून चालता झाला. बंधारा अजून कोरडा ठणठणीत उभा आहे, त्यावरची नावांची फरशी तर नव्यासारखी आहे. त्या उन्हाळ्यात झाडं मी घागरी वाहून जगवली. यंदा पाऊस त्याहून कमी, विहिरीनं आताच तळ दाखवायला सुरुवात केलेली. दसरा-दिवाळीच्या मध्ये बांध पडला तर बाग, नाहीतर सरपण, एवढा साधा हिशेब होता.

अशा वेळी विशू आला. पूर्ण नाव विश्वेश्वर, तिकडं कॉम्प्युटरवर काम करतो. आल्या आल्या त्यानं बीडहून बाटलीबंद पाण्याची खोकी मागवली. प्यायला बाटली, चूळ भरायला बाटली. ज्या विहिरीच्या पाण्यावर ह्याचे दात आले, त्या विहिरीकडं तो आता साप निघाल्यासारखं बघायचा. तीन वर्षांनी आलेल्या लेकाला पहिल्याच दिवशी काय बोलायचं?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला महादेवाच्या देवळाच्या भिंतीवर आप्पांचं धोतर ताणून बांधलं आणि विशूनं यंत्रातून त्यावर चित्रं पाडली. सगळं गाव जमलं होतं. पुढं सरपंच आसाराम, त्याच्या शेजारी आप्पा, मागं मेंढरं राखणारा मुंजाजी, आणि बायकांत मी आणि मुंजाजीची बायको दगडाबाई.

"हा बीव्हर," विशू म्हणाला. धोतरावर एक थोराड घुशीसारखं जनावर उमटलं. दात नारिंगी, शेपूट गवंड्याच्या थापीसारखं चपटं. "हा झाडं पाडतो, फांद्या ओढून आणतो, चिखल लावतो आणि ओढ्यावर बांध घालतो."

"दूध देतंय का?" मुंजाजीनं विचारलं.

"नाही काका."

"मंग लोकर?"

"लोकरच त्याच्या मुळावर आली. साडेतीनशे-चारशे वर्षांमागं युरोपातल्या बड्या लोकांना त्याच्या लोकरीच्या टोप्या लागायच्या. पावसात भिजली तरी आकार सोडायची नाही अशी टोपी. त्या टोपीपायी व्यापारी अमेरिकेत घुसले. तिथल्या मूळच्या लोकांना भांडी, घोंगड्या, बंदुका द्यायच्या आणि कातडी घ्यायची. काही मुलखांत तर कातडं हाच पैसा झाला. एका नदीतले बीव्हर संपले की पुढची नदी. असं करत करत त्यांनी अर्धा देश पालथा घातला."

व्यापाराचं नाव निघताच आप्पा जागे झाले. त्यांनी डोक्यावरची काळी टोपी काढली, आतून बाहेरून पारखली आणि परत चढवली.

"आणि बीव्हर संपले तसे बांध फुटले," विशू सांगत होता. "तळी आटली, ओढे खोल गेले, काठची झाडं वाळली. मग कुठं माणसांना अक्कल आली. दुसरीकडून बीव्हर आणून परत सोडले. एका डोंगराळ भागात तर रस्ताच नव्हता, तिथं लाकडी पेटीत घालून, वर छत्री बांधून, विमानातून खाली सोडले."

मग आसाराम म्हणाला, "आपल्याला टँकर रस्त्यानं येत न्हाई, आन तिथं जनावर इमानातून उतरतंय. ह्याला म्हंतेत देश!"

"मजुरी काय घेतंय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"काही नाही. झाडाची साल आणि पाला खाऊन राहतो."

हे ऐकून सभेत जी कुजबूज उठली, ती निवडणुकीत दारू वाटतानाही उठत नाही. आप्पा तर उठून उभेच राहिले. "मांस-मच्छी खात न्हाई म्हंतोस?"

"शिवत नाही."

"बायका किती?"

"एकच. जन्मभर जोडीनं राहतात."

आप्पांनी धोतरावरच्या जनावराला हात जोडले. "शाकाहारी, एकपत्नी, कष्टाळू. आरं, हे तर आपल्यातलंच निघालं की!"

"पण तिकडच्या पाद्र्यांनी ठरवलं होतं," विशूला कुठं थांबावं ते लहानपणापासून कळत नाही, "की हा पाण्यात राहतो म्हणजे मासाच. म्हणून उपवासाला चालतो."

"शिव शिव शिव!" आप्पांनी कानांवर हात ठेवले.

"त्यात काय झालं?" दगडाबाई बायकांतून बोलली. "आपल्याला न्हाई साबुदाणा चालत? पोटात कावळे वरडायले की सगळेच देव समजून घेतेत."

घरी आल्यावर मी विशूला ताट वाढलं आणि म्हटलं, "लई चांगलं सांगितलंस. आता एक काम कर. परवा सकाळी ओढ्यात उतर. तू उतरलास की सगळं गाव मागनं उतरतंय. बांध पडंल आन माझी झाडं वाचतील."

"मी?"

"घरचा माणूस तूच हायस की. आप्पांचे गुडघे गेलेत."

तो समजुतीच्या सुरात हसला. ते हसू त्यानं कुठून आणलं कोण जाणे, आमच्या दोन्ही घराण्यांत तसं कुणी हसत नाही. म्हणाला, "आई, असं करायचं नसतं. मी उतरलो तर लोक माझ्यावर अवलंबून राहतील. त्यांना आतून वाटलं पाहिजे."

"आतनं वाटंस्तवर झाडं वाळतील."

"आणि ते पाणी मला सोसणार न्हाई गं. अंगावर चट्टे उठतील."

मला राग आला तो आला, पण त्याहून वाईट वाटलं. ह्याच ओढ्यात हा पावसाळाभर नागडा डुंबायचा, आणि मी त्याला फोक दाखवून बाहेर काढायचे.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर पारावर बैठक बसली. मुंजाजी बोलायला उठला. मेंढरांना पाणी लागतं, त्यामुळं त्याला बांधाची निकड होती. "पोरानं सांगितलं ते खरं हाय. इर्जिक घालू. घरटी एक माणूस येऊ द्या."

आप्पा म्हणाले, "आता माणूस कावून? जनावर फुकट राबतंय तर माणसानं कावून राबायचं? बीव्हरची युक्ती माझ्या लेकानं आणली. इर्जिकीत आमच्या घरचा माणूस म्हणून बीव्हर धरा."

मुंजाजी होता तिथंच खाली बसला. आसाराम मात्र तयारीचा. "वा बे शेट! म्हंजे तुमच्या घरचा बीव्हर आन आमच्या घरचा आमी? आमचा बी बीव्हरच धरा."

"आमचा बी!"

"आमच्यात तर दोन चुली हायेत, दोन धरा."

पार दुमदुमला. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तसली गत. माझ्या डोळ्यांदेखत गावानं घरटी एक बीव्हर ठरवला, भाऊबंदकी असलेल्या घरांना दोन ठरवले, आणि माणसं तंबाखू मळत घरोघर गेली. बीव्हर समिती निघाली, आप्पा अध्यक्ष. बीव्हरनं राहायचं कुठल्या काठाला, अलीकडच्या की पलीकडच्या, ह्यावरून पुढच्या बैठकीत दोन भावकींची हमरीतुमरी झाली. अर्ज घेऊन आप्पा आणि आसाराम तालुक्याला गेले. तिथल्या साहेबानं अर्ज उलटासुलटा करून विचारलं, हे पशुसंवर्धनात येतं की लघुपाटबंधाऱ्यात? आणि दोन्हीकडं एकेक प्रत लावून द्यायला सांगितली. बीव्हर हे जनावर भारतात नाहीच, असं काही तो म्हणाला नाही. नोकरीतला माणूस, नाही कशाला म्हणेल?

विशू हे सगळं कौतुकानं बघत होता. "लोकसहभाग, आई," तो मला म्हणाला. मी भाकरी थापत होते, तशीच थापत राहिले.

ह्या सगळ्यात ओढ्याची धार रोज थोडी बारीक होत होती. शेवटी मी दगडाबाईला गाठलं. दगडाबाईचं माझं जमतं, कारण दोघींच्याही जिभेला हाड नाही.

"पुरुषांची वाट बगत बसलो तर आपल्या दोघींचं वाटोळं," मी म्हटलं.

"आक्का, इर्जिकीला बाईमाणूस चालत न्हाई."

"आन बीव्हर चालतोय?"

ती खो खो हसली आणि कुऱ्हाड घेऊन आली. दिवसच्या दिवस आम्ही बाभळी छाटल्या. हातांची चाळण झाली, लुगड्यांची लक्तरं झाली. ओढ्याकाठी काटेरी फांद्यांचा माणसाच्या उंचीचा ढीग पडला. दगड गोळा करायचे तेवढे राहिले. माझ्या जिवाला जरा थंडावा वाटला, म्हटलं आता कुणी येवो न येवो, बांध पडतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर ढीग जाग्यावर नाही. ओढ्याच्या काठाला आमच्याच फांद्या गोलाकार उभ्या रोवलेल्या. मध्ये सारवलेली जागा, फाटकाला दसऱ्याच्या उरल्यासुरल्या झेंडूचं तोरण, आणि वर फळी, 'नियोजित बीव्हर निवास, हिंगणवाडी'. आप्पा, आसाराम आणि समिती कडक कपड्यांत उभी. विशूच्या हातात त्याचा छोटा कॅमेरा, हलतं चित्र घेणारा.

"अवो, हे काय केलंत?" माझा आवाज फुटला.

"कुंपण," आप्पा म्हणाले. "जनावर परदेशी, आपली कुत्री त्याला फाडून खातील. आयत्या फांद्या पडल्यावत्या म्हणून बरं झालं."

"त्या बांधाच्या व्हत्या!"

"बांध घालायलाच तर बीव्हर येतोय न्हवं? तो आला की लागंल तेवढ्या फांद्या तोडतंय. त्याचे दात बगितले न्हाईत का?"

दगडाबाईनं त्यांना जे ऐकवलं ते मी इथं सांगत नाही. मी कुंपणाला हात घातला आणि फांद्या उपसायला लागले. आसाराम ओरडला, "काकू, समितीच्या मालाला हात लावू नका!" पण हात लावून मला अडवायची कुणाची छाती झाली नाही, अध्यक्षाची बायको पडले ना. जेवढ्या निघाल्या तेवढ्या फांद्या घेऊन आम्ही दोघी ओढ्यात उतरलो. मुंजाजीही पायताण काढून यायला निघाला, तर समितीतल्या एकानं त्याचं धोतर धरलं, "गप रे, बायकांच्या कामात कुठं जातूस?" आणि तो मेला खरंच थांबला.

मी फांदी आडवी टाकत होते. काठावरून विशूचा आवाज आला.

"आई, जरा सावकाश."

मला वाटलं, लेकाला माया आली.

"ती फांदी परत एकदा उचल. मघाची नीट आली न्हाई. पाठीमागनं ऊन लई छान पडलंय."

"विशू," मी म्हटलं, "ते ठेव खाली आन ह्या बुडख्याला हात लाव."

"हे तिकडं दाखवणार आहे मी. त्यांना लई आवडंल."

मी कमरेएवढ्या डोहात उभी राहून रडले. रागानं रडले. त्यानं तेही घेतलं असणार.

दोन बायकांचा बांध तो, किती टिकणार? विशूला निरोप द्यायला गाव जमलं त्या दिवशी बांधाच्या पोटातून पाणी भळाभळा निघत होतं. विशूचा सत्कार झाला. टोपीपायी जनावर संपलं म्हणून सांगणारा माझा लेक पांढरी टोपी घालून, खांद्यावर टॉवेल टाकून फोटोला हसत उभा राहिला. उरलेल्या पाण्याच्या बाटल्या तो आम्हाला ठेवून गेला.

दिवाळीनंतर ओढा थांबला. संक्रांत झाली आणि विहिरीत बादली खडकावर वाजायला लागली. मी परत घागरी धरल्या, पण यंदा घागर भरायलाच पाणी कुठं होतं? त्या ठेवलेल्या बाटल्या मी एकेक करून सगळ्यात धाकट्या झाडाच्या बुंध्याला ओतल्या. पानं आधी वळली, मग पिवळी पडली, मग फांद्या टोकाकडून वाळत खाली आल्या. शिमग्याला मी मुंजाजीला बोलावून झाडं तोडायला सांगितली. बीव्हर निवासात तोवर गावातली एक कुत्री व्याली होती. पिलांना तिथं कुणाचा उपद्रव नव्हता.

पुढच्या सोमवारी सकाळी दुकानातला फोन वाजला. तिकडं रात्र असते म्हणे. दुकानात गिऱ्हाईक होतं. दगडाबाई चहापत्ती घ्यायला आली होती, आणि जाताना मोसंबीच्या लाकडाचा भारा नेणार होती. आप्पांनी फोन माझ्याकडं दिला.

"आई, लई थकलोय गं," विशू म्हणाला. "सगळा रविवार ओढ्यात गेला."

"कुठल्या ओढ्यात?"

"आमच्या घरामागच्या. तिथं बीव्हर अजून फिरकले न्हाईत. म्हणून ते येस्तवर आमीच बांध घालायलोत. फांद्या आडव्या टाकायच्या, दगड, वर चिखल. पाणी असलं गार की पाय हायेत का न्हाईत तेच कळत न्हाई."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, "मजुरी काय मिळती?"

"मजुरी कशाची? हौसेनं करतो. आमच्या गल्लीत तसं ठरलंय, घरटी एक माणूस. पैसे देऊन दुसरा धाडलेला चालत न्हाई. मग दुपारी सगळे मिळून जेवतो. लई मजा येती, आई. हाताला फोड आलेत बघ."

"खोबरेल लाव," मी म्हटलं. आईच्या तोंडून दुसरं काय निघणार?

"काय म्हंतोय?" आप्पांनी विचारलं, आणि मी सांगायच्या आत गिऱ्हाइकांकडं वळून म्हणाले, "विशू माझा तिकडं खुद्द बीव्हरच्या हाताखाली काम करायलाय!" गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या.

मी मागच्या अंगणात आले. तिथं माझी बाग रचून ठेवली होती. दगडाबाई भारा बांधत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हातातला दोर तसाच धरून विचारलं, "काय म्हनला लेक?"

"इर्जिकीला गेलता," मी म्हटलं. "आमच्या घरचा माणूस गेला एकदाचा."

"कुठल्या गावाला?"

मी सांगितलं असतं, पण त्या गावाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही.